अकरा नंबर

डब्यावर अकरा लिहिलंय.
म्हणून काय झालं, देल्फिना मावशी म्हणते,
माझ्या चपलेवरही अडतीस लिहिलंय
आणि डावा पाय रोज संध्याकाळी रडतो.

टेबलावर मेणकापड, त्यावर माझं रिव्हॉल्व्हर,
मासा साफ करायला घ्यावा तसं उघडं.
सिलिंडर वेगळा काढलेला. पुढून सहा घरं,
मागून सहा निपल,
प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी बसायची
आणि एकाच्याही डोक्यावर नीट बसत नाही.

रविवारी खाणीतल्या रेंजवर
तिसऱ्या बारानंतर घोडा अडकला.
फुटलेली तांब्याची टोपी पाकळ्या पसरून
यंत्राच्या घशात पडली होती.
पंच बत्तिस्ता घड्याळाकडे बघत राहिला
आणि मी खिशातल्या तारेनं
स्वतःच्याच पिस्तुलाचे दात कोरत बसलो.
सगळे म्हणाले, टोपी चिमटीत दाब,
जराशी लंबगोल कर, धरून राहते.
सगळे तसंच करतात.

मावशीनं तशी एक दाबलेली टोपी
भिंगाखाली धरली.
"दोन ठिकाणी धरतेय ही. बाकी नुसता वारा.
त्या वाऱ्यातून ठिणगी शेजारच्या घरात शिरते, ओरेस्ते.
मग घरं सहाची सहा पेटतात
आणि हात तुझा असतो."

एकतीस वर्षं ती लेथवर हेच करायची,
मेल्ला नदीकाठच्या लांब शेडमध्ये,
दिवसाला चारशे निपल,
हरभऱ्याएवढं पोलाद, मधून सुईचं भोक.
बार मात्र कधी उडवला नाही. एकदाही.
"वेळ कुठे होता," म्हणते,
आणि ही तक्रार की फुशारकी
ते मला अजून कळलेलं नाही.

तिनं डबे पालथे केले.
माझी अकरा नंबर सैल: सिलिंडर उलटा धरला
की टपकन मेणकापडावर.
जर्मन दहा जरा बरी, पण डुलते.
अमेरिकन दहा अर्ध्यावरच अडते.
"ही अशीच ठेवलीस तर घोड्याचा पहिला ठोका
तिला खाली ढकलण्यात जाईल.
पेटेल दुसऱ्याला. पेटली तर."

दोन्हींवर दहाच लिहिलंय, मी म्हणालो.
"आम्हा दोघींचंही आडनाव एकच होतं."
म्हणजे ती आणि माझी आई.
दोघी शनिवारच्या बाजाराला जातात,
रस्त्याच्या दोन बाजूंनी.

मग निपल ड्रिलच्या तोंडात,
बोटाभोवती पॉलिश पेपरची पट्टी,
चार गिरक्या, थांब, नख फिरव,
टोपी घालून बघ, पुन्हा दोन गिरक्या.
"लोक टोपीला शिव्या घालतात," ती म्हणाली,
"डोकं कुणी घासत नाही."
सहावं होईपर्यंत कॉफी दोनदा गार झाली.

गॅलरीत गेलो. दारू नाही, गोळी नाही,
फक्त टोप्या, अमेरिकन दहा,
लाकडी काडीनं तळापर्यंत बसवलेल्या.
(अंगठ्यानं नाही. अंगठा तुला पुढेही लागेल.)
नळीसमोर वीतभर अंतरावर
तुळशीच्या इटालियन बहिणीची कुंडी,
त्यातलं एक पान तिनं मला नेमून दिलं.

वरचे सूर तिला ऐकू येत नाहीत, शेडनं खाल्ले.
ती पानाकडे बघत होती.
एक. पान हललं.
दोन. हललं.
तीन.
चौथ्याला चांगला खणखणीत आवाज झाला,
मी मान डोलावली,
तिनं बोट हलवलं: नाही.
पान जागच्या जागी होतं.

केसातली पिन काढून तिनं चौथ्याचं भोक टोकरलं,
जुन्या तेलाचा काळा कण
नखावर घेऊन मला दाखवला, मोहरीहून बारीक.
नवी टोपी. काडी. घोडा.
पान हललं.

खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं,
ही काय वेळ आहे का म्हणून.
तिला ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं असेल. म्हणाली,
अजून दोन राहिलीत.